पेन पेनपासून बांबूपर्यंत: फिलिपिनी लोकगीतांतून मुलांना संगीत शिकवताना

फिलिपिन्समधल्या लागुना प्रांतातले लोस बान्योस हे माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी वसलेले विद्यापीठाचे गाव आहे. १९६० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था येथेच असल्यामुळे शेतीशास्त्रातली भारतीय मंडळी, त्यांत मराठीही, कुटुंबासह येथे येऊन राहतात. माझे येथे येणेही नवऱ्याच्या नोकरीमुळेच झाले. पुण्यात असताना मी गाण्याच्या विशारदपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या आणि लहान मुलांचे वर्ग घेतले होते, ही गोष्ट शेजारीपाजारी कळली. मग बारांगायच्या, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या, बास्केटबॉलच्या मैदानाला लागून असलेल्या खोलीत दर शनिवारी सकाळी पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना संगीत शिकवाल का, अशी विचारणा झाली. ट्रायसिकल, म्हणजे बाजूला डबा जोडलेली मोटारसायकल-रिक्षा, चालवणाऱ्यांची, दुकानदारांची, विद्यापीठातल्या कारकुनांची आणि संस्थेच्या प्रायोगिक शेतावर राबणाऱ्यांची अशी ही मुले होती. अभ्यासक्रम कोणीच ठरवून दिला नव्हता, त्यामुळे काय शिकवायचे हे माझ्यावरच आले.

खोलीतल्या कपाटात इंग्रजी बालगीतांची पुस्तके होती आणि निम्म्या पट्ट्या मुक्या झालेला एक कीबोर्ड होता. माझ्यापाशी पेटी आणि अलंकार-पलट्यांची वही होती. या दोन्ही वाटा मी बाजूला ठेवल्या, कारण पाच वर्षांच्या मुलापुढे परके शब्द, परके सूर आणि परकी शिक्षिका हे तिन्ही एकदम ठेवले तर ते मूल तोंड उघडत नाही, एवढे मला पूर्वीच्या कामातून ठाऊक होते. मुलाचे संगीतशिक्षण त्याच्याच मातीतल्या लोकगीतांपासून सुरू व्हावे, हा आग्रह हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनी धरला आणि त्यांच्या नावाची पद्धत पुढे जगभर पसरली. फिलिपिन्समध्ये मात्र हा विचार उसना आणण्याची गरज नाही. अमेरिकी राजवटीत येथल्या शाळांत इंग्रजी शिक्षण रुजत असताना नोर्बेर्तो रोमुआल्देझ यांनी शालेय संगीताच्या पुस्तकमालेत फिलिपिनी लोकगीते आवर्जून आणली. रोमुआल्देझ पेशाने न्यायाधीश, तेही सर्वोच्च न्यायालयाचे. न्यायासनावरच्या माणसाने मुलांच्या गाण्यांची चिंता वाहावी, याचे मला आजही कौतुक वाटते.

पुस्तकातली गाणी घेऊन वर्गात उभे राहण्याआधी ती मुलांच्या तोंडी कशी आहेत, हे ऐकणे भाग होते. वर्गाच्या मदतीला एक बाई येत. त्या मूळच्या इलोइलोच्या, वयाने माझ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना ‘आते’, म्हणजे ताई, म्हणत असे आणि त्या मला ‘टीचर’ म्हणत. त्यांच्याबरोबर मी मैदानाच्या कडेला, भाजीबाजारात आणि चर्चच्या अंगणात मुले खेळत असताना बसून राहिले. मुलांची तागालोग भाषा देवनागरीत लिहायला सोपी पडते, तरी शब्दाच्या आरंभी येणारा ङ आणि शब्दाच्या शेवटी घशातच अडणारा स्वर यांसाठी मला स्वतःच्या खुणा ठरवाव्या लागल्या. हा अडणारा स्वर तालाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो, कारण बोलगाण्यांत तेथे आवाज तुटतो, आणि आमच्या घराण्यांच्या गाण्यात वाढलेल्या गळ्याला प्रत्येक स्वर जरा लांबवण्याची खोड असते. मुलांनी माझ्या नकला करून ती खोड लवकरच मोडून काढली.

एकाच बोलगाण्याचे गल्लीगणिक वेगळे पाठ निघत. ‘पेन पेन दे सारापेन’ या मुलांच्या बडबडगाण्यात स्पॅनिश वाटणाऱ्या शब्दांची आणि तागालोगची अशी काही सरमिसळ आहे की त्यातून सरळ अर्थ निघत नाही; सुरी येते, रेडा येतो, सोने-चांदी येते, आणि शेवट समुद्रकाठी फुलणाऱ्या फुलांवर होतो. छापील पाठ एक, आतेंचा दुसरा आणि मुलांचे आणखी दोन-तीन. मी त्यांतला शुद्ध कोणता, या वादात पडले नाही. मैदानावर जो पाठ चालतो तोच वर्गात, असा नियम केला, आणि आज्यांच्या तक्रारी आतेंकडे वळवून दिल्या.

पहिले कित्येक शनिवार आम्ही एकही सूर लावला नाही. मुले गोल करून फरशीवर बसत, दोन्ही तळवे पालथे टेकवत, आणि एक जण ‘पेन पेन’ म्हणत एकेका हाताला बोट लावत जाई. शेवटचा बोल ज्या हातावर पडेल तो हात बाहेर. मराठी वाचकाला हे सांगायला फार शब्द लागू नयेत, कारण ‘अरिंग मिरिंग लवंगा चिरिंग’ खेळताना आपणही असेच बसलो आहोत. या खेळात बोटाचा प्रत्येक स्पर्श ही एक मात्रा असते आणि दोन स्पर्शांच्या मध्ये कधी एक, कधी दोन, कधी तीन अक्षरे बसतात. मात्रा आणि अक्षरे यांच्यातला हा फरक संगीतशिक्षणाच्या अगदी सुरुवातीला कळावा लागतो, आणि फळ्यावर काठ्या मारून तो समजावणे किती कठीण असते हे ज्याने शिकवले आहे त्यालाच माहीत.

येथे तो मला समजावावाच लागला नाही. सात वर्षांचा एक मुलगा बोट फिरवत होता आणि त्याची धाकटी बहीण त्याच्या समोर बसली होती. शेवटच्या ओळीत बोल तिच्या हातावर पडणार हे त्याच्या आधीच ध्यानात आले, म्हणून त्याने ‘दागात’ या शब्दाचे दोन तुकडे करून एक स्पर्श वाढवला आणि शेजारच्या मुलाला बाद केले. सगळ्या गोलात एकच गिल्ला झाला. मी सगळ्यांना गप्प करून विचारले की त्याने नेमके कोठे लबाडी केली, ते दाखवा. सहा वर्षांच्या एका मुलीने पुढे येऊन फरशीवर बोट आपटत ती ओळ दोनदा म्हणून दाखवली, एकदा सरळ आणि एकदा त्याच्यासारखी, आणि ज्या ठिकाणी जादा मात्रा घुसली होती तेथे दोन्ही वेळा थांबून माझ्याकडे पाहिले. तिला मात्रा हा शब्द माहीत नव्हता, पण मात्रा कळत होती.

बाद कोण होणार हे लयीवर ठरत असल्यामुळे लय राखण्यात प्रत्येकाचा स्वार्थ असतो, आणि म्हणूनच अशा खेळात मुले एकमेकांची लय शिक्षकापेक्षा कडकपणे तपासतात. हे ध्यानात आल्यावर माझ्या निवडीला एक कसोटी मिळाली. ज्या गाण्याला खेळ जोडलेला आहे आणि ज्या खेळात लय चुकली तर कोणाचे तरी काही बिघडते, ते गाणे आधी घ्यायचे. नुसते गोड म्हणून ओळखले जाणारे गाणे मागाहून घ्यायचे. शाळांच्या पुस्तकांत क्रम बहुधा याच्या उलट असतो. तेथे गोड गाणी पुढे असतात आणि खेळगाणी मधल्या सुट्टीसाठी सोडून दिलेली असतात.

या कसोटीवर दुसरे आले ते ‘नानाय, ताताय’ हे टाळ्यांचे गाणे. आईबाबांकडे पाव आणि ताई-दादाकडे कॉफी मागायची, मी सांगेन ते सारे करायचे आणि चुकेल त्याचा कान पिळीन, अशी धमकी द्यायची, आणि मग जोडीदाराबरोबर आकडे मोजत टाळ्या वाढवत न्यायच्या. एकला एक टाळी, दोनला दोन, तीनला तीन. मुले हे गाणे वाऱ्याच्या वेगाने म्हणत आणि पाच-सहाच्या आसपास सगळ्या जोड्या कोलमडत. नीट ऐकल्यावर कारण कळले. आकडा आणि त्याच्या टाळ्या झाल्यावर मुले श्वास घेत, आणि तो श्वास दर वेळी निराळ्या लांबीचा असे. टाळ्या बरोबर असत, बिघडत होता तो मधला मोकळा वेळ.

तो मोकळा वेळ मोजण्यासाठी मला आपल्या तालातली ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हातानेच दाखवायची मात्रा, उपयोगी पडली. आम्ही चार मात्रांचे आवर्तन धरले: पहिल्या मात्रेला आकडा, पुढे जितक्या टाळ्या तितक्या, आणि उरलेल्या मात्रांना तळवा उताणा करून हात बाजूला न्यायचा. म्हणजे एकच्या फेरीत एक टाळी आणि दोन खाली, दोनच्या फेरीत दोन टाळ्या आणि एक खाली, तीनच्या फेरीत खाली उरतच नाही. चारला पोचल्यावर आवर्तन भरून वाहू लागते, हे मुलांच्याच लक्षात आले, आणि त्यावर आता काय करायचे याची चर्चा बराच वेळ रंगली. काहींचे म्हणणे आवर्तन आठ मात्रांचे करावे, काहींचे म्हणणे टाळ्या दुपटीने वाजवाव्या. दोन्ही बरोबर होते, आणि दोन्ही करून पाहिल्यावर दुगुण, म्हणजे दुप्पट गती, ही गोष्ट मला वेगळी शिकवावी लागली नाही. विलंबित लयीत सात टाळ्यांपर्यंत न चुकता जाणारी जोडी वर्गात मोठी मानाची ठरली. कान पिळण्याची शिक्षा मात्र आम्ही रद्द केली, कारण ती उत्साहाने अमलात येऊ लागली होती.

लिहिण्याचा भाग यानंतर आला. कोदाय पद्धतीत एका मात्रेला ‘ता’ आणि अर्ध्या-अर्ध्या मात्रांच्या जोडीला ‘ती-ती’ म्हणतात, आणि येथल्या शाळांत सुरांसाठी दो-रे-मी चालते. मुलांना शाळेतही तेच भेटणार असल्यामुळे मी माझे सा-रे-ग-म वर्गात आणले नाही. नारळाच्या रिकाम्या करवंट्या हा येथे फुकट मिळणारा वाद्यप्रकार आहे. अर्धी करवंटी पालथी ठेवली तर एक मात्रा, दोन लहान करवंट्या चिकटून ठेवल्या तर अर्ध्या-अर्ध्या, आणि उताणी करवंटी म्हणजे खाली, अशी लिपी फरशीवर मांडून मुले ती वाचत आणि वाचून झाल्यावर त्याच करवंट्या उचलून वाजवत. कागद-पेन्सिल फार पुढे आली, आणि ती आल्यावर अडचण जवळजवळ पडली नाही.

सुरांकडे वळताना मी ‘सित्सिरितसित’ घेतले. या गाण्यात फुलपाखरू येते, सोनेरी भुंगा येतो, तपकिरी भुंगेरा येतो, आणि मग रस्त्याने कोंबड्यासारखी ऐटीत चालणारी एक बाई येते. पुढच्या कडव्यात दुकानदाराला दम दिलेला आहे की उधारी दिली नाहीस तर मुंग्या तुला फस्त करतील. ओळी आठ-आठ अक्षरांच्या आहेत, चार अधिक चार अशा सरळ मोडणाऱ्या, त्यामुळे ओवी-अभंगांतल्या अष्टाक्षरीवर पोसलेला माझा कान या गाण्यात पहिल्या क्षणापासून रमला. ‘सालागुबांग’ हा भुंगेऱ्याचा चार अक्षरी शब्द आम्ही मूळ गाण्यातून काढून वेगळा घेतला आणि अर्धा वर्ग चाल गात असताना उरलेल्या अर्ध्या वर्गाने एकाच स्वरावर तो शब्द करवंट्यांच्या साथीने घोळवत ठेवावा, असे केले. दोन निराळे आवाज एका वेळी चालवण्याची ही पहिलीच पायरी होती. पहिल्या पावसानंतर हे भुंगेरे खरोखरच दिव्यांभोवती येतात आणि मुले त्यांच्या पायाला दोरा बांधून त्यांना उडवतात; वर्गात एकदा दोन जिवंत सालागुबांग खिशातून आले आणि त्या सकाळी ‘घोळवणारा गट’ कधी नव्हे इतका लयीत राहिला.

बाईच्या चालीवरची ओळ ठेवावी की गाळावी, यावर एका आईशी माझे थोडे बोलणे झाले. मी ती ठेवली. मुले त्या ओळीवर बाईपेक्षा कोंबड्याचीच नक्कल करतात, आणि त्यात मुली-मुलगे सारखेच उत्साही असतात. याउलट ‘दोओन पो सा आमिन’ हे तितकेच लोकप्रिय गाणे मी घेतले नाही. त्यात चार भिकाऱ्यांची गंमत आहे: लंगडा नाचतो, मुका गातो, आंधळा पाहतो आणि बहिरा ऐकतो. चाल सोपी आहे, विरोधाभासाचा विनोदही जुन्या पद्धतीचा आहे, पण आमच्या वर्गात कानाला यंत्र लावणारा एक मुलगा होता आणि गाण्यांची टंचाई नव्हती.

सर्वांत जास्त वेळ ‘बाहाय कूबो’ने घेतला, आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते. लहानशा गवती झोपडीभोवतीच्या परसबागेचे हे गाणे फिलिपिन्समधल्या बहुतेक प्रत्येक मुलाला येते. त्यात अठरा भाज्या-पिकांची नावे ओळीने येतात आणि शेवट तिळावर होतो. मराठी माणसाला ती यादी वाचून घरच्यासारखे वाटावे: वांगी, शेंगदाणे, वाल, कोहळा, दुधी, लाल भोपळा, मुळा, मोहरी, कांदा, टोमॅटो, लसूण, आले, आणि चौधारी घेवड्यासारखी आपल्याकडे जरा कमी दिसणारी एखादी भाजी. आतेंनी बाजारातून जमतील तेवढ्या भाज्या आणल्या, प्रत्येक मुलाच्या हातात एकेक दिली आणि आपले नाव येईल तेव्हाच भाजी वर करायची, असे ठरवले. ‘सिताऊ, बाताऊ, पातानी’ ही तीन शेंगांची नावे एका दमात येतात, आणि त्या तिघांना आपापली शेंग नेमक्या वेळी वर करायला जितका सराव लागला तितका भोपळ्याला अजिबात लागला नाही.

खरा प्रश्न तालाचा होता. हे गाणे तीन मात्रांचे आहे. घरोघरी व्हिडिओकेच्या, म्हणजे कराओकेच्या, यंत्रावर आणि मोबाइलवर मुले जे ऐकतात ते बहुतेक सारे चार मात्रांचे असते, त्यामुळे ‘बाहाय कूबो’ म्हणतानाही ती ओळीच्या शेवटी नकळत एक मात्रा जोडून ते चारात बसवत. मी दादऱ्याचा ठेका धरून पाहिला. तो मला मदत करी, मुलांना नाही. पाय आपटून दोन टाळ्या वाजवण्याचा सोपा उपायही थोडा वेळच टिके. तेव्हा आतेंनी सुचवले की बांबू आणा.

तिनिकलिंग हा लेयते बेटावरचा नाच. भाताच्या शेतातल्या सापळ्यांना चुकवत पळणाऱ्या तिकलिंग पक्ष्याची त्यात नक्कल असते, आणि फ्रान्सिस्का रेयेस आकिनो यांनी १९२०च्या दशकापासून खेडोपाडी फिरून ज्या लोकनृत्यांची नोंद केली, त्यांतले हे आज सर्वांत प्रसिद्ध आहे. १९७३ साली त्यांना राष्ट्रीय कलाकार हा सन्मान मिळाला. सुमारे नऊ फुटांचे दोन बांबू जमिनीवरच्या ओंडक्यांवर आडवे ठेवलेले असतात आणि दोन टोकांना बसलेले दोघे ते वाजवतात: दोन वेळा बांबू अलग ठेवून ओंडक्यावर आपटायचे आणि एकदा एकमेकांवर आपटायचे. नाचणाऱ्याचा पाय बांबू मिटण्याआधी बाहेर निघाला पाहिजे. ही लय तीन मात्रांची आहे, आणि तीत चौथी मात्रा घुसवायला जागाच नाही, कारण ती घुसवली तर कोणाचा तरी घोटा सापडतो.

आम्ही आधी फरशीवर खडूच्या दोन रेघा ओढल्या, मग जाड इलॅस्टिकचे पट्टे दोघांच्या पायांना अडकवून घेतले आणि सर्वांत शेवटी पातळ, हलके बांबू आणले. नाच पाहायला सुंदर दिसतो म्हणून सगळ्यांना नाचायचेच असते, पण लय शिकायची असेल तर बांबूच्या टोकाला बसावे, हे मी थोड्याच दिवसांत ठरवून टाकले. बांबू धरणाऱ्या मुलाला संपूर्ण गाणे पुरेल इतका वेळ, समोरच्याच्या डोळ्यांत पाहत, एकाच गतीने हात चालवावे लागतात, आणि नाचणारा घाई करू लागला तरी त्याच्या मागे जाता येत नाही. जी मुले ‘बाहाय कूबो’ गाताना ओळ लांबवत होती, त्यांना मी पाळीपाळीने बांबूवर बसवले. बांबू वाजवता वाजवता गायला लागल्यावर त्यांची ती जादा मात्रा आपोआप गळून पडली. नऊ वर्षांच्या एका मुलीने तर धाकट्यांसाठी बांबूचा आवाज तोंडाने काढण्याचे बोल बनवले, दोन हलके आणि एक जड, आणि ते बोल वर्गाचा ठेका म्हणून आम्ही आजही वापरतो.

‘इली-इली तूलोग आनाय’ हे अंगाईगीत वर्गात आले ते आतेंमुळे. हे हिलिगायनोन भाषेतले, इलोइलोकडचे गाणे. आई घरी नाही, ती दुकानात पाव आणायला गेली आहे, तू आता झोप, एवढाच त्याचा आशय. तागालोग मुलांना त्यातले शब्द अर्धेमुर्धे कळतात. मला ते हवे होते ते आवाज दाबून न धरता हळू कसे गावे, हे शिकवण्यासाठी, कारण मैदानावर वाढलेले गळे ओरडण्यात पटाईत असतात आणि ‘हळू’ म्हटले की नुसते कुजबुजतात. आतेंनी मांडीवर उशी घेऊन ते गाणे एका श्वासात एक ओळ अशा चालीने गाऊन दाखवले आणि मुलांनी आपापली दप्तरे झोपवली. फिलिपिन्समधल्या अनेक मुलांच्या आया हाँगकाँग, सिंगापूर, आखाती देश अशा ठिकाणी नोकरीला असतात. आमच्या वर्गातही अशी मुले होती. त्यांतल्या एकीने त्या दिवशी गाणे म्हटले नाही, दप्तर मात्र शेवटपर्यंत थोपटले. नंतर आतेंनी तिला विचारून घेतले की हे गाणे ठेवू या का, आणि ती हो म्हणाली तेव्हाच आम्ही ते पुढे चालू ठेवले.

‘लेरोन लेरोन सिंता’वर मी थोडक्यात काम भागवले. पपईच्या झाडावर टोपली घेऊन चढणारा प्रियकर आणि शेंड्याला पोचताच मोडणारी फांदी, असे ते गाणे आहे; पपईला फांदी कोठून आली, हा प्रश्न मुलांनी विचारलाच. ज्या जागी फांदी मोडते त्या जागी आम्ही एक पूर्ण मात्रा शांतता ठेवली, आणि विराम म्हणजे गाणे थांबणे नव्हे, गाण्याच्या आतली मोजलेली जागा आहे, एवढे त्यातून शिकून झाले.

ऑगस्ट हा येथे भाषेचा महिना. राष्ट्रभाषेचे पुरस्कर्ते राष्ट्राध्यक्ष मानुएल केझोन यांचा जन्मदिवस १९ ऑगस्टचा; त्याभोवती साजरा होणारा भाषेचा आठवडा १९९७पासून महिनाभराचा झाला. शाळाशाळांत मुले पारंपरिक पोशाख घालून लोकगीते सादर करतात. आमच्या मुलांनाही एका कार्यक्रमाचे बोलावणे आले. आयोजकांनी सोबत ध्वनिमुद्रित साथ पाठवली आणि तीवरच गायचे, असे कळवले. साथीची गती आमच्या गतीहून बरीच जास्त होती, मधे लांबलचक वाद्यसंगीत होते, आणि मुख्य म्हणजे ती साथ कोणाचेच ऐकत नव्हती. सरावात मुले गाण्याऐवजी स्पीकरकडे कान लावून उभी राहिली. ज्या मुलांनी बांबूवर बसून लय सांभाळली होती त्यांच्याजवळ आता सांभाळायला काही उरले नाही. मी आयोजकांना भेटून साथ नाकारली. त्यांनी रंगमंचावर बांबू धोकादायक असल्याचे सांगितले, त्यावर इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर तडजोड झाली, आणि करवंट्यांना परवानगी मिळाली. ‘पेन पेन’ने सुरुवात केली ती रंगमंचावर खरोखर खेळूनच, म्हणजे कोण बाद होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि प्रेक्षकांतल्या आज्या तेथूनच आपापल्या पाठाप्रमाणे शब्द दुरुस्त करत होत्या. लोकगीत रंगमंचावर नेताना त्यातला खेळ काढून टाकला की उरते ती पोशाखांची रांग, हे माझे मत त्या दिवसानंतर अधिकच पक्के झाले आहे, आणि ते सगळ्यांना पटत नाही हेही मला माहीत आहे.

सध्या आम्ही ‘मागतानीम आय दी बीरो’ या भातलावणीच्या गाण्यावर आहोत. दिवसभर वाकून राहायचे, धड उभे राहता येत नाही की बसता येत नाही, अशी त्यातली कैफियत आहे. शाळांत ते फार जलद आणि हसतखेळत म्हटले जाते. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील संस्थेच्या प्रायोगिक शेतावर काम करतात; एका शनिवारी मी त्यांनाच लावणी कशी करतात ते दाखवायला बोलावले. त्यांनी कोकणात करतात तशीच, वाकून मागे मागे सरकत, डाव्या हातातल्या जुडीतून रोपे सुटी करून उजव्या हाताने रोवण्याची क्रिया फरशीवर करून दाखवली, आणि मुलांनी त्यांच्या हाताबरोबर गाणे धरले तेव्हा ते शाळेतल्या गतीच्या जवळजवळ निम्म्यावर आले. आता वर्गात ते त्याच गतीने म्हटले जाते आणि गाणे संपेपर्यंत कोणी सरळ उभे राहायचे नाही, असा मुलांनीच नियम केला आहे. पाठी दुखतात म्हणून तक्रारी होतात, तरी गती वाढवायला कोणी तयार नाही, कारण वाढवली की मागे सरकणारे एकमेकांवर आदळतात.